टेंबावरची जागा विकणे आहे

लवूतात्या गवस जमिनी विकायचे असं मी लिहिलं, तर आमच्या दोडामार्गातली माणसं मला हसतील. तात्या जमिनी दाखवायचे. त्यातल्या काही विकल्या जायच्या, ते गिऱ्हाइकाचं नशीब.

तहसील कचेरीच्या समोर माझं दुकान आहे. दस्त लिहिणे, अर्ज टाईप करणे, सातबारा काढून देणे, झेरॉक्स. नवऱ्याने हौसेने सुरू केलं, वर्षभरात त्याची हौस फिटली आणि खुर्ची माझ्याकडे आली. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. गोव्याची हद्द हाकेवर, वर सह्याद्री, मध्ये धरणाचं पाणी, त्यामुळे इथे जमिनीचा धंदा जोरात. दलाल मी पोत्याने पाहिले आहेत. पांढरा शर्ट, मोठी गाडी, दोन फोन आणि दर वाक्याला 'मॅडम, काळजीच सोडा'. ज्याने काळजी सोडायला सांगितली, त्याचे कागद मी दोनदा वाचते.

तात्यांचं ध्यान वेगळं. गुडघ्यापर्यंत दुमडलेली पॅन्ट, रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, हातात कोयती. कोयती रान मोडायला. पण गिऱ्हाइकाच्या एसी गाडीत ती मांडीवर आडवी घेऊन पुढच्या सीटवर बसले, की मागे बसलेल्या बायका वाटभर गप्प असायच्या. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. "जमीन चलान बघूची," म्हणायचे, "गाडयेतसून दिसता ती रस्त्याची कड."

त्यांच्या जाहिराती मी टाईप करायचे. आधी छापील कागदासाठी, मग व्हॉट्सॲपसाठी. दुकानातल्या बाकावर बसून, डोळे मिटून, अगदी कचेरीतल्या मराठीत ते सांगायला लागायचे. "लिव गो बाय. डोंगरउतारावरील जागा विकणे आहे. घर बांधण्यास योग्य. मोठे तळे व लहान तळे दोन्ही जवळ. शांत परिसर." इथवर ठीक असायचं. मग डोळे उघडायचे आणि मालवणीवर यायचे.

"आता लिव, जून ते आक्टोबर गाडी वर जायत नाय."

"तात्यानु, ही जाहिरात आसा की तक्रार अर्ज?"

"लिव तू. गवे येतत, केळी ठेवणत नाय. लाईटीचो खांब लांब आसा. फोनाक रेंज पायजे तर फणसाकडे जावक लागता."

"असा लिवल्यार घेतलो कोण?"

"जमिनीक तोंड नाय गो. तिच्या वतीन कोणीतरी खरा बोलूक व्हया."

मी कपाळाला हात लावायचे आणि टाईप करायचे. गंमत म्हणजे ती जाहिरात वाचूनही फोन यायचे. कधीकधी तर ती वाचूनच यायचे. खोटं ऐकून ऐकून माणसं इतकी शिणलेली असतात, की अवगुण सांगणारा भेटला तर त्यांना देव भेटल्याचा आनंद होतो.

त्यांचा एक ठरलेला नियम होता. जमीन दोनदा बघायची, एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्यात. "एकदा ती रडता तेव्हा, एकदा ती तापता तेव्हा. डिसेंबरात काय, सगळीच जमीन नवरीसारकी दिसता." शहरातली माणसं नेमकी डिसेंबरात येतात. सुट्टी असते, हवा गार असते, काजूला मोहोर येऊ लागलेला असतो. तात्या त्यांना चहा पाजायचे, दोन्ही तळी दाखवायचे, जमिनीचं नावही काढायचे नाहीत आणि म्हणायचे, जुलैत या. दहांतले आठ परत यायचे नाहीत. दुसरे दलाल त्या आठांना गाठायला माझ्या दुकानाबाहेर उभेच असायचे.

पुण्याचं एक जोडपं मात्र खरंच जुलैत आलं. मीही त्या दिवशी बरोबर होते, कारण त्यांना हद्दीचा नकाशा समजावून हवा होता. पाऊस असा की छत्री नुसती धरायला. जमिनीच्या कडेला, दगडी गडग्यापाशी, तात्यांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. साहेबांनी मोज्यांवरच्या जळवांकडे बघून बायकोकडे बघितलं. तात्यांनी तोवर हात जोडले होते. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागा त्याची असते, आपण आपले कागदावरचे मालक. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा, आणि नवं माणूस आत नेताना त्याच्या कानावर घालायचं.

"बा राखणदारा," तात्यांनी पावसातच गाऱ्हाणं घातलं, "ही माणसां लांबसून इली हत. बघूक इली हत, ओरबाडूक नाय. काय चुकला माकला तर सांभाळून घे."

मग त्यांनी दोघांना एका दगडावर प्लास्टिकचा कागद घालून बसवलं आणि सांगितलं की आता तासभर कोणी बोलायचं नाही, फोन बंद. ही त्यांची परीक्षा असायची. साहेब दहा मिनिटांत चुळबुळू लागले, मग उठून पावलांनी अंतर मोजू लागले. बाई बसून राहिल्या. तास संपल्यावर तात्यांनी विचारलं, काय दिसलं. साहेब म्हणाले, स्विमिंग पूल इथे बसेल. बाई म्हणाल्या, "इथे संध्याकाळ लवकर होत असणार. डोंगर पश्चिमेला आहे."

तात्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "चार वाजता ऊन जाता," ते म्हणाले. "तुमी पयल्याच, ज्येंच्या ध्यानात इला." ती जागा त्या जोडप्याने घेतली. चार वाजता ऊन जातं हे माहीत असून घेतली, म्हणून कधी तक्रार झाली नाही. दर दिवाळीत त्या बाईंचा डबा तात्यांच्या नावाने माझ्या दुकानात यायचा, आणि अर्धी चकली तात्यांच्या हातात पडण्याआधी मी खाल्लेली असायची.

आमच्या इथली जमीन विकायची म्हणजे आधी माणसं गोळा करायची. सातबारा सामायिक. पणजोबांच्या नावाखाली पंचवीस, तीस, चाळीस वारस, निम्मे मुंबईत, काही गोव्यात, काही कुठे आहेत ते देवाला ठाऊक. एकाची सही राहिली की व्यवहार बसला. अशा एका जागेच्या सदतीस सह्या तात्यांनी जमवल्या आणि अडतिसावा म्हातारा म्हापशाला अडून बसला. मुलगे विनवून थकले. तात्यांनी दोन फेऱ्या मारल्या, म्हातारा पाठ फिरवून झोपायचा. तिसऱ्या वेळी तात्या गेले ते फणस घेऊन. त्याच जागेतल्या झाडाचा, पंधरा-सोळा किलोचा, पिकून घमघमाट सुटलेला. एसटीत कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट काढा. तात्यांनी काढलं आणि फणसाला खिडकीकडची सीट दिली.

म्हाताऱ्याने फणस ओळखला. फणस ओळखला म्हणजे वास घेऊन झाडाचं नाव सांगितलं, 'हो आमच्या न्हाणयेकडचो.' सात गरे खाल्ले. मग सगळ्यांच्या देखत रडला आणि पेन मागितलं. "सयेचा काय घेवन बसलास," तो म्हणाला, "झाड आजून आसा काय नाय, तेवडाच माका कळूक व्हया होता." हे मला सांगताना तात्या हसत होते, पण सांगून झाल्यावर बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले. त्या वेळी मला वाटलं, दमले असतील.

आता टेंबाकडे यायला हवं. इतका वेळ मी टाळत होते.

टेंब म्हणजे टेकाड. धरणाच्या मोठ्या तळ्यावर पुढे झुकलेला एक टेंब आहे, वर सपाट, दोन बाजूंनी पाणी, पाठीला डोंगर. घर बांधायला याच्याहून देखणी जागा तालुक्यात नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. ती जागा सावंतवाडीच्या सुलोचनाकाकींची. नवरा वारला, मूल एकच, मुलगी. ती नवऱ्याकडून परत आलेली, शिवणकाम करणारी. जागा विकून मुलीला बाजारात शिवणाचं दुकान घालून द्यायचं, ही काकींची एकच इच्छा. त्यांनी विश्वासाने कागद तात्यांच्या हाती दिले. त्यालाही सहा वर्षं होऊन गेली होती. जागा काही विकली जात नव्हती.

जाहिरात मीच टाईप केलेली. इतर जाहिरातींसारखीच अवगुणांची. वारा फार, वाट खडी, आणि शेवटी एक ओळ: पाण्याची सोय नाही. दोन्ही बाजूंना तळं आणि प्यायला थेंब नाही म्हटल्यावर कोण घेणार? धरणाचं पाणी उचलायला परवानगी लागते, कातळात बोअर लागेलच असं नाही. गिऱ्हाईक वर चढायचं, तोंडात बोट घालायचं, पाण्याचं ऐकायचं आणि उतरायचं. मी तात्यांना म्हणायचे, बिचाऱ्या काकी. तात्या मान हलवायचे.

एके दिवशी काकी कसल्याशा दाखल्यासाठी माझ्या दुकानात आल्या. चहा घेताना म्हणाल्या, "लवू म्हणता, गिऱ्हाइकां पाण्याक अडतत. पण गो बाय, थंयचो झरो सुकलो काय? माज्या सासऱ्यान दगडान बांधून काढलेलो. बारा म्हयने व्हायचो. मेयात आमी थंयसून कळशे भरलेले हत."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून नवऱ्याच्या स्कूटरवर बसले आणि टेंबावर गेले. मार्च संपत आलेला. उजव्या उताराला, करवंदीच्या जाळीमागे, दगडी कुंडीत पाणी होतं. गार, स्वच्छ, काठावरून सांडणारं. जाळीला एक वाट होती, नुकती कोयतीने मोडलेली. कुंडीत पान पडलेलं नव्हतं. कोणीतरी ती नेमाने साफ करत होतं.

मला चिडायला फार वेळ लागत नाही. त्यातून जाहिरातीतली ती ओळ माझ्या बोटांनी टाईप झालेली. संध्याकाळी तात्या बाकावर येऊन बसले तशी मी म्हटलं, "तात्यानु, टेंबावर जावन इलंय. पाणी पिवन इलंय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"खोटा बोललंय," म्हणाले. "सा वर्सां."

"काकी तुमच्यार इस्वास ठेवन बसली आसा. तिच्या चेडवाचा काय?"

"ता माका कळता."

"मगे कित्याक?"

ते म्हणाले, "बाय, विकली जायत नाय तवसर ती माजीच, असा माका वाटायचा. थंय जावन बसूचा नि खाली बघूचा. बास."

टेंबाच्या खाली पाण्यात कोनशेत आहे. तात्यांचा गाव. धरण झालं तेव्हा तात्या तिशीचे असतील. गाव उठला, बहुतेकांनी पुनर्वसनात दिलेली जमीन घेतली. तात्यांच्या वडलांनी घेतली नाही. म्हातारा म्हणाला, ती जमीन दुसऱ्या राखणदाराची, तो आपल्याला ओळखत नाही, त्याच्या हद्दीत आपण नांगर घालायचा कसा? आपला राखणदार पाण्याखाली राहिला, आणि आपण दुसऱ्याच्या दारात पान मांडायचं? त्याने मोबदला घेतला, तो आला तसा गेला, आणि घरच्यांना वसाहतीतल्या चार खोल्या राहिल्या. मुलांनी दुसरीकडे जमीन घ्यायची नाही, अशी त्याने शपथ घातलेली. म्हातारा जगलाही पुष्कळ.

तात्या धरणाला कधी धरण म्हणायचे नाहीत. 'पाणी' म्हणायचे. पाणी वाढलं, पाणी उतरलं. वर्षातून एकदा काठावरून नारळ आत टाकायचे, लांब, जोराने. मे महिन्यात पाणी उतरलं की टेंबावरून देवळाच्या दीपमाळेचं टोक दिसायचं आणि वर चढाला असलेली शेताची मेर, म्हणजे बांध. दीपमाळेच्या पलीकडे, दिसत नाही तिथे, त्यांचं घर. ही वाक्यं त्यांनी त्या संध्याकाळी मला एकामागून एक सांगितली, जाहिरात सांगावी तशी, डोळे मिटून. मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. राग मात्र गेला नाही. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "मगे तुमीच घेवा. काकीक सांगूया. हप्त्यान देवा."

तात्या हसले. "माका घेवक येयत नाय. मी शेतकरी नाय."

खरं सांगते, मी दस्त लिहिणारी बाई, पण माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. शेतजमीन घ्यायची तर माणूस कागदोपत्री शेतकरी असावा लागतो, कुठेतरी सातबाऱ्यावर त्याचं नाव लागतं. अर्ध्या पुण्याला शेतकरी असल्याचे दाखले कुठून काढायचे ते तात्यांनी शिकवलं होतं. आणि त्यांचं स्वतःचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं. होतं ते बुडालं. जमीन गेलेल्याला काही ठरावीक वर्षं शेतकरी धरतात, ती मुदत म्हाताऱ्याच्या शपथेत निघून गेली होती.

मी हट्टाला पेटले. आठवडाभर जुने उतारे काढले. आजोबा, चुलते, कुठे काही उरलंय का. मग तात्यांच्या बायकोचं सुचलं, "काकूच्या म्हायेरची जमीन? तिचा नाव लागला आसतला."

"हक्कसोड करून दिल्यान तिना. भावांका. लगीन झाल्यार दुसऱ्याच वर्सा."

हक्कसोड म्हणजे बहिणीने माहेरच्या जमिनीवरचं नाव सोडून देणं. आमच्याकडे बहिणी ते हसत करून देतात, आणि भाऊ साडी देतात. "तुमी कित्याक गप रवलास?" मी विचारलं.

"गप खंय? साक्षीदार मीच." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मलाही हसू आलं. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

मी म्हटलं, वर अर्ज करूया, खास बाब म्हणून परवानगी मागूया, मी लिहिते. तिथे मात्र त्यांचा आवाज बदलला. "मी शेतकरी आसंय काय, ह्या कचेरीत जावन विचारूचा? माज्या आज्यान, पणज्यान जो मळो केलो, तो आसा पाण्यात. जा म्हणा, बुडी मारा नि बघा. तो अर्ज माज्यान करवचो नाय गो बाय." मी पुन्हा तो विषय काढला नाही. आज वाटतं, काढायला हवा होता. चार शिव्या खाऊन काढायला हवा होता.

दोन दिवसांनी ते स्वतःच सावंतवाडीला गेले आणि सुलोचनाकाकींच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं. काय म्हणाल्या काकी, मी विचारलं. तात्यांनी जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. "म्हणाली, लवू, तुजा घर सरकारान बुडयल्यान. माज्या चेडवाचा दुकान तू बुडयलंस." मग त्या उठून आत गेल्या, बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि आल्या त्या चहा घेऊन. तात्या म्हणाले, तो चहा घशाखाली उतरवणं हे आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम होतं.

आल्या आल्या बाकावर बसून त्यांनी नवी जाहिरात सांगितली. टेंबावरची जागा विकणे आहे. वारा फार. वाट खडी. बारमाही झरा आहे, पाणी गोड. मी टाईप करत होते आणि मला स्क्रीन नीट दिसत नव्हता.

महिन्याभरात गिऱ्हाईक आलं. कोल्हापूरकडचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई, घरची शेती असलेली, शांत माणसं. तात्यांनी त्यांना जुलैचा नियम सांगितला नाही. बूट काढायला लावले, गाऱ्हाणं घातलं, झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायला दिलं. तासभर गप्प बसायला सांगितलं. ती दोघं गप्प बसली, अगदी सहज, रोजची सवय असल्यासारखी. तास संपल्यावर बाईंनी पाण्याकडे बोट केलं आणि विचारलं, तिथे खाली काय आहे.

"आमचो गाव," तात्या म्हणाले.

मास्तर म्हणाले, "मग ही जागा तुम्हीच का घेत नाही?"

"माका कायदो परवडत नाय," तात्या म्हणाले, आणि उठून त्यांना पूर्वेची हद्द दाखवायला गेले.

व्यवहार ठरला तेव्हा मी तात्यांना बाजूला घेऊन म्हटलं, मास्तर भले आहेत, दस्तात एक कलम घालते, वर्षातून काही दिवस तुम्हाला तिथे येऊन बसायचा हक्क. ते नको म्हणाले. "वाटेचो हक्क लिवतत, पाण्याचो हक्क लिवतत. बघूचो हक्क खंय लिवतत गो?" मास्तरांनी स्वतःहून सांगितलं, केव्हाही या, घर तुमचंच समजा. तात्यांनी हात जोडले. ते एकदाही गेले नाहीत.

दस्ताच्या दिवशी सुलोचनाकाकी मुलीला घेऊन आल्या होत्या. साक्षीदार म्हणून तात्या. साक्षीदाराचं नाव, वय, धंदा लिहावा लागतो. इतक्या वर्षांत तात्यांच्या नावापुढे मी न विचारता 'शेती' टाईप करत आले होते. आमच्याकडे सगळ्यांच्याच नावापुढे तेच असतं, बोटांना सवय झालेली. त्या दिवशीही बोटं तिकडे गेली, आणि मागून तात्या म्हणाले, "शेती लिव नको. आता खोटा नको."

"मगे काय लिवू?"

त्यांनी थोडा विचार केला. "जमीन दाखवता, असा लिव."

असा धंदा कुठल्या दस्तात नसतो. मी तोच लिहिला. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढे सरकवलं.

त्यानंतर तात्यांनी धंदा कमी केला. दुकानात यायचे, बसायचे, कोणाची तरी फेरफाराची नक्कल काढून द्यायचे. काकींच्या मुलीचं दुकान सुरू झालं तेव्हा मी गेले होते, तात्यांनी नारळ पाठवला, स्वतः आले नाहीत. दुसऱ्या वर्षी पावसात त्यांना ताप आला, मुलाने त्यांना गोव्याला आपल्याकडे नेलं, आणि तिथेच ते वारले. मला दहाव्या दिवशी कळलं. त्यांचा फोन नंबर अजून माझ्याकडे आहे. तो काढून टाकायला हात होत नाही, आणि कोणी नवा दलाल 'काळजीच सोडा' म्हणाला की मला त्यांची इतकी आठवण येते की त्या दिवशी माझं काम होत नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी. मास्तरांचं घर जोत्याच्या वर आलं होतं. नकाशा मंजुरीचे कागद द्यायला मी टेंबावर गेले होते. कालव्याचं काहीतरी काम निघालेलं, म्हणून पाणी त्या वर्षी कधी नव्हतं इतकं खाली नेलेलं. खाली नुसता भेगाळलेला तांबडा चिखल पसरला होता. दीपमाळ मुळापासून दिसत होती. दोन-चार जोती, बाकी काही नाही. माती सगळं सारखं करून गेलेली.

त्या मोकळ्या मैदानात एक माणूस चालत होता. चपला हातात. चालीवरून मी ओळखलं. मास्तरांच्या बाईही येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

तो माणूस दीपमाळेपासून सरळ निघाला आणि काही अंतरावर एकदम डावीकडे वळला. समोर अडवणारं काहीच नव्हतं. थोडं गेल्यावर पुन्हा उजवीकडे वळला, मग अंग चोरून, एका खांद्याने पुढे होऊन काही पावलं गेला, अरुंद पाणंदीतून जातात तसा. पुन्हा वळला. एवढं मोठं मैदान, सरळ गेला असता तर निम्म्या वेळात पोचला असता.

"वाट चुकलेत का ते?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

तो एका ठिकाणी थांबला. तिथे मातीशिवाय काही नव्हतं. त्याने चपला खाली ठेवल्या, जोडीने, कडेला. मग डोकं खाली घालून चांगला वाकला, एक पाय उंच उचलून पलीकडे टाकला, दुसरा टाकला, आणि पुन्हा सरळ झाला. दोन पावलं पुढे जाऊन खाली बसला, आमच्याकडे पाठ करून.

"अहो, बसले की ते उन्हात," बाई म्हणाल्या. "बरं वाटत नाही का त्यांना? कुणाला तरी पाठवूया का?"

"नको," मी म्हटलं. "घरात गेलेत."